ज्याच्या हाती वाद्य नाही

(द्वितीय वर्ष, कला)

'कंडक्टर' हा शब्द आमच्या वस्तीत मोठ्या मानाचा आहे. आमच्या भावकीतून आजवर एकच माणूस सरकारी पगारावर लागला, आणि तो एस.टी.त कंडक्टर. त्यामुळे 'वार्षिकासाठी मी एका परदेशी कंडक्टरवर लेख लिहितो आहे' असे आईला सांगितले, तेव्हा तिने भाकरी थापता थापता सहज विचारले, "कुठल्या डेपोचा?"

मला हसू आले. पण नंतर वाटले, आईचे फारसे चुकलेले नाही. गाडी चालवतो तो ड्रायव्हर. कंडक्टर चाकाला हातही लावत नाही. तरी त्याने दोरी ओढून डबल घंटी दिल्याखेरीज गाडी जागची हलत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कंडक्टर, म्हणजे आपण ज्याला वृंदसंचालक म्हणू, त्याचे काम काहीसे असेच आहे. समोर बसलेल्या ऐंशी-शंभर जणांच्या हाती वाद्ये असतात. याच्या हाती असते एक बारीकशी छडी. त्या छडीचा आवाज होत नाही. सबंध मैफलीत एकही सूर न काढणारा माणूस तो एकटाच, आणि टाळ्यांच्या वेळी सर्वांच्या पुढे उभा राहून वाकणाराही तोच! मग हा माणूस मोठा कशामुळे होतो? त्याला तेथे कोण उभे करते? हा प्रश्न केवळ संगीताचा नाही, तुमचा-माझाही आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

३० जून १८८६ ची रात्र. ब्राझीलमधील रिओ दी जानेरो हे शहर. इटलीहून आलेली एक संगीत नाटकमंडळी तेथे मुक्कामाला होती. आपल्याकडे संगीत नाटक असते तसा तिकडे ऑपेरा. फरक इतकाच की त्यात बोलण्याऐवजी बहुतेक सारे गाऊनच सांगतात, आणि रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत भला मोठा वाद्यवृंद बसलेला असतो. त्या रात्रीचा ऑपेरा होता व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा 'आयदा'. मंडळींचे मूळच्या ब्राझिलियन संचालकाशी बिनसले होते आणि तो काम सोडून गेला होता. प्रेक्षक त्याच्या बाजूचे. बदली संचालक उभा राहताच त्यांनी असा काही गोंधळ घातला की त्याला उतरावे लागले. खेळ बंद पडणार, पैसे परत द्यावे लागणार, मंडळी परक्या मुलखात उपाशी मरणार, अशी वेळ आली. तेव्हा कुणाला तरी आठवण झाली, की चेलो वाजवणाऱ्यांत एक पोरगा आहे, त्याला हा सगळा ऑपेरा तोंडपाठ आहे. सहकाऱ्यांनी त्याला आग्रह करकरून उभे केले. तो वर चढला, समोरची स्वरलिपीची जाड वही त्याने मिटून टाकली आणि छडी उचलली. आरडाओरडा करणारे प्रेक्षक थोड्या वेळाने ऐकू लागले, आणि शेवटी त्याच प्रेक्षकांनी त्याचा जयजयकार केला. त्या मुलाचे नाव आर्तुरो टोस्कानिनी. वय वर्षे एकोणीस.

माझेही वय एकोणीस आहे. म्हणून ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले, आणि दुसऱ्याच क्षणी मी खिन्न झालो. त्याचे कारण पुढे सांगतो.

प्रथम हे काम काय असते ते थोडे सांगितले पाहिजे. कारण 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की आपल्यापुढे उभा राहतो तो सिनेमातील गाण्यांचा, गणपतीच्या मांडवातला. पाश्चात्त्य वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. दुसरा काय वाजवणार आहे हे त्याच्या कागदावर नसते. सर्वांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली वही एकट्या संचालकापुढे असते. एका पानावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस ओळी, आणि त्या सर्व एकाच वेळी वाचायच्या! उजव्या हाताने तो लय दाखवतो. डाव्या हाताने कुणी हळू व्हायचे, कुणी पुढे यायचे हे सांगतो. ऑपेरात तर आणखी कठीण. वर गायक, खाली वादक. गायकाचा दम कमी पडला तर त्याला सांभाळून घ्यायचे, पण वाद्यवृंदाची लय ढिली पडू द्यायची नाही. आणि हे सारे काम खऱ्या अर्थाने होते ते तालमीत. मैफलीच्या वेळी आपल्याला दिसते ती नुसती शेवटची उजळणी.

हे समजून घ्यायला मला पुस्तकांपेक्षा घरच्या माणसाचा जास्त उपयोग झाला. आमचे अण्णा तालुक्याच्या गावी एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत वराती, गणपतीत मिरवणुका, आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती रोजंदारी. स्वरलिपी त्यांना येत नाही. गाणे दोन वेळा ऐकले की बोटांत उतरते. १९४९ साली अमेरिकेच्या टेलिव्हिजनसाठी टोस्कानिनीने हाच 'आयदा' सादर केला होता, त्याचे चित्रण मी मोबाईलवर अण्णांना दाखवले. पांढऱ्या केसांचा, बुटका, ताठ म्हातारा. ऐंशी ओलांडलेला. समोर वही नाहीच. अण्णा बराच वेळ गप्प राहून पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर कडक हाय. पर बघ, फुंकणाऱ्यांचा दम कसा एकाच टायमाला सुटतुय. आमचा मास्तर भुवईनं सांगतो, ह्यो काडीनं सांगतो, एवढंच." पुस्तकात वाचलेले सारे त्यांनी एका वाक्यात सांगितले, आणि मोबाईल परत देऊन ते क्लॅरिनेटची पट्टी पुसायला बसले.

आता माझ्या खिन्नतेचे कारण. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात आभारप्रदर्शन करणारा विद्यार्थी ऐनवेळी आलाच नाही. "कोण करील?" असे विचारले गेले, आणि मित्रांनी मला पुढे ढकलले. तोवर दोन वर्षे मी मनात एकच तक्रार घोळवत होतो, की आमच्यासारख्यांना संधीच मिळत नाही. माईक त्याच चार-पाच जणांच्या हाती असतो. आम्ही खुर्च्या मांडायच्या आणि खुर्च्या उचलायच्या. आता संधी समोर आली. मी उभा राहिलो. पाहुण्यांचे नाव आठवेना. "आजच्या या..." एवढे तीनदा म्हणालो. मागच्या रांगेत हशा पिकला आणि मी खाली बसलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. टोस्कानिनीलाही साथीदारांनी ढकलूनच पुढे केले होते. त्याच्यापुढे तर शिट्ट्या मारणारे शेकडो लोक होते. तो जिंकला आणि मी पाहुण्यांचे नाव विसरलो! कुणी म्हणेल, तो अलौकिक बुद्धिमत्तेचा होता आणि तू नाहीस, संपले. असे म्हणणे सोयीचे आहे, कारण मग कुणालाच काही करावे लागत नाही. परंतु त्याच्या आयुष्यात मागे जाऊन पाहिले तर निराळेच चित्र दिसते.

टोस्कानिनीचा जन्म १८६७ सालचा, इटलीतील पार्मा गावचा. बाप शिंपी. गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढलेला, देशासाठी झटणारा, पण घरी पैसा नाही. असा हा मुलगा नवव्या वर्षी पार्माच्या संगीत विद्यालयात दाखल झाला. तेथेच राहणे, तेथेच जेवणे, तेथेच शिकणे. पुढे शिष्यवृत्तीही मिळाली. शिस्त कडक आणि जेवण बेताचे. पण वाद्य हाती होते, शिकवणारे होते, मोठमोठ्या रचनांच्या वह्या वाचायला मिळत होत्या. अशी नऊ वर्षे गेली. १८८५ साली तो चेलोवादन आणि संगीतरचना या विषयांत सर्वोच्च सन्मानाने उत्तीर्ण झाला. त्याची दृष्टी फार अधू होती, म्हणून तो वह्या पाठच करून टाकी. ब्राझीलच्या सफरीत तो केवळ चेलोवादक नव्हता. कोरसच्या तालमींना मदत करणे हेही त्याचे काम होते. म्हणजे त्या रात्री तो उभा राहिला तेव्हा गायक त्याला ओळखत होते आणि त्यांचे स्वर तो ओळखत होता. लोकांना दिसली ती एक रात्र. त्या रात्रीखाली नऊ वर्षांचा पाया होता, आणि तो पाया शिंप्याने एकट्याने घातलेला नव्हता. एका गावाने विद्यालय चालवले होते, म्हणून तो घातला गेला.

माझ्या पायाखाली काय होते? बारावीपर्यंत मी वर्गात उभा राहून पाठ म्हणण्यापलीकडे एक वाक्य बोललो नव्हतो. पण येथे मी स्वतःलाही सोडू इच्छित नाही. त्या दिवशी पाहुणे कोण, ते कशासाठी आले, कार्यक्रमाला कुणाकुणाचे हात लागले, हे मला ठाऊक असायला हवे होते. मी तेथेच तर होतो, खुर्च्या मांडत! परंतु माझा कागद खुर्च्यांचा, एवढेच मी पाहिले. टोस्कानिनी मागे बसून चेलो वाजवत होता, तरी लक्ष सबंध वहीकडे ठेवून होता. हा फरक बुद्धीचा नाही, सवयीचा आहे, आणि ती सवय आपणच लावून घ्यायची असते.

या कथेचा मला सर्वांत आवडलेला भाग मात्र पुढचा आहे. एवढा जयजयकार झालेला हा तरुण इटलीत परतला. त्याच वर्षी त्याने तुरीन येथे एका ऑपेराचे संचालनही केले. आणि तरीही फेब्रुवारी १८८७ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात व्हेर्दीचा नवा 'ओतेल्लो' प्रथमच सादर झाला, तेव्हा हा गृहस्थ चेलोवादकांच्या रांगेत जाऊन बसला! व्हेर्दीचे काम जवळून पाहायला मिळावे म्हणून. एकदा पुढे उभे राहिल्यावर पुन्हा रांगेत बसायला आपल्यापैकी किती जण तयार होतील?

नंतरची वाटचाल चढतीच आहे. १८९६ साली तुरीनला पुच्चिनीच्या 'ला बोहेम'चा पहिला प्रयोग त्याच्याच हातून झाला. १८९८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ज्या ला स्कालात रांगेत बसला होता तेथेच तो प्रमुख संचालक झाला. १९०८ साली न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन ऑपेरा, पुढे पुन्हा ला स्काला. लोकप्रिय गायकाचे गाणे रंगले की प्रेक्षक 'वन्स मोअर' मागत आणि नाटक तेथेच अडकून पडे. आपल्या संगीत रंगभूमीवरही हेच चाले. टोस्कानिनीने याविरुद्ध हट्टाने झगडा केला. १९२६ साली पुच्चिनीचा 'तुरांदोत' प्रथम सादर झाला तेव्हा पुच्चिनी हयात नव्हता; त्याने स्वतः लिहिलेला भाग जेथे संपला तेथे टोस्कानिनीने छडी खाली ठेवली आणि त्या रात्रीचा प्रयोग तेथेच थांबवला. रचना करणारा मोठा, आपण त्याचे सेवक, ही त्याची निष्ठा होती.

म्हणून तो देवमाणूस होता असे मात्र नव्हे. तालमीत तो वादकांवर भयंकर ओरडे, छड्या मोडे, अपमान करी. त्याच्या भक्तांना हे किस्से गोड वाटतात. मला वाटत नाहीत. मी बँडवाल्याचा मुलगा आहे. वरातीत तीन तास फुंकून घाम गाळलेल्या माणसांना शेवटच्या पंगतीला, मांडवाच्या मागे कसे बसवतात ते मी लहानपणी पाहिले आहे. उत्तम सूर हवा म्हणून सूर काढणाऱ्याला तुच्छ लेखायचे, ही कला नव्हे. आज बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात वादकच मतदान करून आपला प्रमुख संचालक निवडतात, आणि त्यामुळे सूर काही बिघडलेला नाही.

पण हाच रागीट माणूस सत्तेपुढे कसा वागला तेही सांगितले पाहिजे. १९३१ साली बोलोन्या येथे मैफलीपूर्वी फॅसिस्टांचे गीत वाजवायला त्याने नकार दिला. नाट्यगृहाबाहेर फॅसिस्ट गुंडांनी त्याच्या तोंडावर मारले. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. १९३३ साली जर्मनीत ज्यू कलावंतांवर अत्याचार सुरू झाले, तेव्हा बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाचे मानाचे निमंत्रण त्याने नाकारले. आणि डिसेंबर १९३६ मध्ये युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू वादकांचा नवा वाद्यवृंद तेल अवीवला उभा राहिला, तेव्हा त्याची पहिली मैफल टोस्कानिनीने मानधन न घेता केली. ज्यांच्या हातून वाद्ये काढून घेतली गेली होती, त्यांच्यासमोर हा एकोणसत्तर वर्षांचा माणूस छडी घेऊन उभा राहिला.

येथे ही कथा आपल्या मुंबईला येऊन मिळते. हाच वाद्यवृंद पुढे इस्रायल फिलहार्मोनिक म्हणून नावाजला, आणि कित्येक दशके त्याची धुरा वाहून २०१९ साली जो निवृत्त झाला, तो संचालक मुंबईत जन्मलेला झुबिन मेहता. जन्मसाल तेच, १९३६! त्याचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. एप्रिल १९५४ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांच्या टोस्कानिनीने न्यूयॉर्कला अखेरची मैफल केली. त्याच वर्षी अठरा वर्षांचा झुबिन डॉक्टरीचा नाद सोडून मुंबईहून व्हिएन्नाला गेला. तेथे मोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना पाहता येत नसत, म्हणून तो आणि त्याचा मित्र क्लाउदिओ आबादो कोरसमध्ये गायक म्हणून दाखल झाले! दोघेही पुढे जगन्मान्य संचालक झाले.

घरात व्हायोलिन असलेल्या मुलालाही तालमीच्या खोलीत शिरायला युक्ती करावी लागली, मग ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांचे काय? आणि ज्यांना कोरसचा दरवाजाही उघडला नाही त्यांचे? व्हिएन्ना फिलहार्मोनिकने एका स्त्री वादकाला पूर्ण सभासद करून घेतले ते १९९७ साली. अमेरिकेतील एका प्रमुख वाद्यवृंदाची संगीत संचालक म्हणून पहिली स्त्री, मॅरिन ऑल्सॉप, नेमली गेली आणि २००७ साली तिने बाल्टिमोरला सूत्रे हाती घेतली. त्यापूर्वी स्त्रियांना कान नव्हते, लय नव्हती, असे कोण म्हणेल? व्हायोलिन एकट्याने खोलीत बसून घोटता येते. संचालन तसे घोटता येत नाही. त्याचे वाद्य म्हणजे शंभर माणसे; आणि ती शंभर माणसे नवशिक्याच्या हाती कुणीतरी विश्वासाने द्यावी लागतात. तसे देणारा भेटला नाही तर गुण असूनही त्याचा पत्ता खुद्द त्या माणसालाही लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. संधी ही लॉटरी नव्हे. ती कुणीतरी आधी तयार करून ठेवलेली असते आणि कुणीतरी तिच्यासाठी आधी तयार झालेला असतो. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत, ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. आम्हांला बक्षीस नको, सवलतीचे कौतुकही नको. आम्हांला तालमीची खोली हवी. स्नेहसंमेलन असो, वक्तृत्व असो, की या वार्षिकाचे संपादन. प्रत्येक कामात एक तरी असा विद्यार्थी घ्यावा, ज्याने ते पूर्वी कधी केलेले नाही. तो अडखळेल. अडखळू द्यावे, पण चार भिंतींत, तालमीत. म्हणजे भर सभेत अडखळणार नाही. गुरुजनांना ही नम्र विनंती आहे. आणि मित्रांना सांगणे हे, की आपल्या हाती नुसत्या खुर्च्या असल्या तरी नजर सबंध कार्यक्रमावर ठेवावी. कुणाचा तरी माईक एक दिवस रिकामा राहतोच.

लेख लिहून झाल्यावर अण्णांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर मी विचारले, "अण्णा, तुम्हांला लहानपणी असं विद्यालय मिळालं असतं तर?" ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता ते काढून काय करतोस? उद्या बाराची वरात हाय, लवकर उठव." क्लॅरिनेट त्यांनी फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवले.

या वर्षी आभारप्रदर्शनासाठी मी आपण होऊन नाव दिले आहे. पाहुण्यांचे नाव पाठ करतो आहे. खुर्च्या मांडणाऱ्यांचीही.